मागून उघडणारं पुस्तक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आदरणीय बाई, स. न. वि. वि. मी मूळची बडोद्याची, मांजलपूरची. सध्या अमेरिकेतल्या एका विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. मुख्य विषय संख्याशास्त्र. इथे त्याच्या जोडीला एक दुय्यम विषय, मायनर, घेता येतो. पहिल्या वर्षी वेळापत्रकात बसला म्हणून ज्यू इतिहासाचा एक पेपर घेतला होता. आता त्याच विषयाचं मायनर करावंसं वाटतंय : इतिहास, धर्म, संस्कृती मिळून सहा पेपर. घरी फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, "आपल्या घरात ज्ञानेश्वरी कोणी धड वाचत नाही आणि तू दुसऱ्यांचे धर्मग्रंथ वाचणार?" आईला धास्ती की मी धर्म बदलेन. मामा म्हणतो, सध्या जगात जे चाललंय ते बघता या विषयाचं नावही काढू नकोस. वर्गात मी एकटीच भारतीय. हिब्रू येत नाही, बायबल वाचलेलं नाही. या विषयात मी उपरी आहे का? घ्यावं की नको? घेतलं तर कुठले पेपर निवडू?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : बेटा, घे. आणि हिब्रू भाषेसकट घे. बाकी सगळं सविस्तर सांगते, पण एवढं आधी सांगून टाकलं म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको.

'उपरी' हा शब्द वाचून मात्र मी पत्र खाली ठेवलं. १९६०च्या दशकात आम्ही प्रतापनगरच्या रेल्वे वसाहतीत राहायचो. भिंतीला भिंत लागून एक बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंब होतं. काका रेल्वेत, मावशी घरी. आडनाव अलिबागकडच्या गावाचं, शेवटी 'कर' असलेलं. मावशी नऊवारी नेसायच्या, गळ्यात काळे मणी, आणि मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ, कारण आम्हा बडोदेकरांच्या बोलण्यात निम्मं गुजराती. शुक्रवारी दिवेलागणीला त्यांच्याकडे दिवा लागला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चूल थंड. नवस फेडायचा असला की मलिदा व्हायचा. भिजवून निथळलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा. परातीत त्याचा डोंगर, भोवती केळी, खजूर, सफरचंदं, वर गुलाबाचं फूल आणि सब्ज्याची डहाळी. एलियाहू हानाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, त्याच्या नावाने गाणं म्हणत आणि मग आम्हा पोरांच्या ओंजळीत पोहे पडत. झाडावरच्या फळाची प्रार्थना वेगळी आणि जमिनीतून उगवतं त्याची वेगळी, हे मावशींनीच मला सांगितलं होतं.

एकदा त्यांच्या झोपाळ्यावर एक पुस्तक पडलेलं दिसलं. मी आपलं नेहमीसारखं उघडलं. मावशी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "अगं, मागून उघड. ते मागूनच सुरू होतं." मागून उघडलं. एका बाजूला चौकोनी, जाड, काळी अक्षरं, दुसऱ्या बाजूला आपलं देवनागरी, जुन्या वळणाचं, अनुस्वारांनी भरलेलं. पानावर खजुराच्या शिऱ्याचा, म्हणजे पाकाचा, चिकट तपकिरी डाग. मी देवनागरी मोठ्याने वाचलं. ही रात्र इतर सगळ्या रात्रींहून वेगळी का, असा काहीसा प्रश्न होता. मावशी म्हणाल्या, आमच्याकडे या सणाला घरातल्या सगळ्यात लहान मुलाने हे विचारायचं असतं, त्याशिवाय पुढची कथा सुरूच होत नाही.

१९६९ साली ते कुटुंब ट्रंका बांधून इस्रायलला गेलं. मला वाचता आलं तेवढं पान मी वाचलं होतं. समोरच्या पानावर काय होतं, ते कधी विचारलंच नाही. पुढे एम.ए.ला असताना बेने इस्रायलांवर निबंध लिहू का, असं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की मराठ्यांचा इतिहास सोडून हे कसलं खूळ. मी गप्प बसले. हिब्रूची बावीस अक्षरं मी गिरवली ती निवृत्तीनंतर, अठ्ठावन्नाव्या वर्षी. तू विसाव्या वर्षी विचारते आहेस. म्हणून एवढं पोटतिडकीने लिहिते आहे.

ते पुस्तक हग्गादा होतं. मिसर देशातल्या गुलामीतून सुटका झाल्याची कथा, पेसाह सणाच्या रात्री घरी जेवणाआधी वाचायची. मराठी भाषांतरासह हग्गादा मुंबईत १८४६ साली शिळाछापावर छापली गेली. १८७४ साली पुण्यात दुसरी निघाली, तिच्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका सणाची बिनखमिराची भाकरी करताना दाखवल्या आहेत. त्याच्याही आधी, १८३२ साली, स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहून छापलं होतं. पुढे मुंबई विद्यापीठात हिब्रूची परीक्षा होऊ लागली आणि तिचे परीक्षक होते जोसेफ इझिकेल राजपूरकर. ज्यूंच्या प्रार्थना त्यांनी मराठीत आणल्या. १८८०च्या सुमाराला बेने इस्रायलांनी आपल्या हरिदासांचं पाहून कीर्तनं सुरू केली : अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, साकी-दिंडीच्या चालींवर. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या या मंडळींनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही काढलं.

आता सांग, हे सगळं वाचणार कोण? हिब्रू जाणणाऱ्या बहुतेक अभ्यासकांना मराठी येत नाही. मराठी जाणणाऱ्यांना हिब्रू येत नाही. एकाच पानाच्या दोन बाजू, आणि वाचणारे दोन वेगळ्या गावचे. तुझ्या वर्गात दहा मुलं तुझ्यापेक्षा चांगलं हिब्रू बोलतील. त्यांतल्या एकालाही 'दारफळणीचा सण' म्हणजे काय हे फोड करून सांगता येणार नाही. ज्यूंचा सगळ्यात कडक उपासाचा दिवस, योम किप्पूर. कोकणातल्या बेने इस्रायलांनी त्याला हे नाव दिलं कारण त्या दिवशी दारं लावून घेऊन, पांढरे कपडे घालून, कोणाला न शिवता बसायचं. जेरुसलेमच्या देवळाच्या विध्वंसाचा शोकदिवस, त्या दिवशी वालाचं बिरडं, म्हणून तो बिरड्याचा. पुरीम हा ज्यूंचा आनंदाचा सण, त्याला नाव होळीचा सण. एकेका नावात केवढा इतिहास भरलाय बघ. धर्मग्रंथ हातात नसताना, हिब्रू विसरलेलं असताना, 'शमा इस्राएल' या प्रार्थनेची एवढी एक ओळ, शनिवारची सुट्टी, सुंता आणि खवले-पंखवालेच मासे खायचे हा नियम, एवढ्यावर त्या लोकांनी शतकानुशतकं आपलं ज्यूपण जपलं. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. तू उपरी नाहीस. त्या वर्गात कोणाकडे नसलेली मराठी तू घेऊन गेली आहेस.

म्हणून पेपर निवडताना पहिले दोन हिब्रूचे. यात तडजोड करू नकोस. भाषा न शिकता हा विषय केलास तर दुसऱ्याने सांगितलेलं ऐकून घेणं एवढंच होईल. अक्षरं महिनाभरात येतात. स्वर बहुतेक लिहीत नाहीत, त्याचा पहिल्यांदा त्रास होतो, मग मोडी वाचणाऱ्याला जसा संदर्भावरून शब्द लागतो तसा लागायला लागतो.

तिसरा पेपर मूळ ग्रंथाचा, तनाखचा. ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात तोच, पण क्रम आणि दृष्टी वेगळी. चौथा तालमूदचा, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या चर्चेच्या महाग्रंथाचा, आणि यावर मी जरा रेंगाळणार, कारण माझं आयुष्य पोथ्यांच्या सूची करण्यात गेलं. आपल्याकडे त्रिपाठ पोथी असते : मधोमध मोठ्या अक्षरात मूळ, वर आणि खाली बारीक अक्षरात टीका. तालमूदचं छापील पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपलंच माणूस भेटल्यासारखं झालं. मधोमध मिश्ना, म्हणजे तोंडी चालत आलेल्या नियमांची संहिता, इसवी सन २००च्या आसपास संकलित झालेली. तिच्याखाली गमारा, म्हणजे तिच्यावर पुढची तीन-चार शतकं बाबिलोनियात चाललेला खल. आतल्या समासात राशी या अकराव्या शतकातल्या फ्रेंच पंडिताची टीका. बाहेरच्या समासात त्याच्या नातवंडांच्या आणि शिष्यांच्या पिढ्यांनी काढलेल्या शंका. व्हेनिसमध्ये डॅनियल बोंबर्ग या छापखानेवाल्याने १५२०च्या दशकात जी पानं पाडली, तेच पानांचे आकडे आजही जगभर चालतात. त्यात हिल्लेल आणि शम्माय या दोन प्राचीन आचार्यांच्या पंथांचे वाद पानोपानी. बहुतेक ठिकाणी निकाल हिल्लेलच्या बाजूने, तरी शम्मायचं म्हणणं गाळलेलं नाही, शेजारीच लिहिलंय. काही प्रश्न सुटले नाहीत तर तसं स्पष्ट नोंदवून सोडून दिलेत. हरलेलं मतही पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवायचं, ही शिस्त मला त्या ग्रंथात सगळ्यात मोलाची वाटते.

पाचवा पेपर मध्ययुगीन व्यापाराचा मिळाला तर सोडू नकोस, तू संख्याशास्त्राची आहेस म्हणून खास. कैरोजवळ फुस्तातला बेन एझ्रा सिनेगॉगात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, एक कोठी होती, गनिझा. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही, म्हणून त्या कोठीत टाकायचा. आपण जुनी पोथी रद्दीत न घालता नदीला सोडतो तसं. होता होता पत्रं, हुंड्या, मालाच्या याद्या, विवाहाचे करार, सगळंच त्यात पडलं. सॉलोमन शेख्टर यांनी १८९६-९७ साली त्यातले दोन लाखांच्या आसपास तुकडे केंब्रिजला नेले. एस. डी. गोइटाइन यांनी त्यांतली भारताच्या व्यापाराची पत्रं वेचण्यात उमेदीची वर्षं घातली. बाराव्या शतकातला अब्राहाम बेन यिजू, मूळचा ट्युनिशियाचा, मंगळूरच्या बाजूला सतरा वर्षांच्या आसपास राहिला, पितळेचा कारखाना चालवला. त्याचे हिशेब आज वाचता येतात. आणि त्याच फुस्तातच्या मातीतून निघालेले छापील सुती कापडाचे तुकडे ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहेत. ते आपल्या गुजरातच्या ठशांचे आहेत. आकडे, याद्या, दर, गलबतं : तुझ्या मुख्य विषयाला आणि या विषयाला जोडणारा पूल इथे आहे. अंतिम प्रकल्प यावरच कर.

सहावा आधुनिक काळाचा. त्यात ज्यूंचा नाझींनी केलेला संहार येईल, साठ लाख माणसं. तो वाचताना मध्येच पुस्तक मिटावंसं वाटेल, मिट, पण परत उघड. आणि एक ध्यानात ठेव. सालो बॅरन नावाच्या मोठ्या इतिहासकाराने १९२८ सालीच बजावलं होतं की ज्यू इतिहास म्हणजे नुसती रडकथा समजू नका. हे लोक मेले कसे एवढंच जगाने वाचलं तर जगले कसे ते हरवतं. तू जगण्यापासून सुरुवात केलीस, याचं मला समाधान आहे.

आता घरच्यांचं. बाबांना सांग की त्यांचा टोमणा अर्धा बरोबर आहे. सुट्टीत आलीस की त्यांच्याबरोबर ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय वाचायला बस, तालमूदच्या पानावर शिकलेल्या रीतीने : मूळ, टीका, शंका. पण 'दुसऱ्यांचे ग्रंथ' हे बडोदेकराच्या तोंडी शोभत नाही. याच शहरात, शंभर वर्षांपूर्वी, सयाजीराव महाराजांनी आल्बन विजरी यांना आणून कॉलेजात तौलनिक धर्माभ्यास शिकवायला बसवलं होतं. आणि १९३०च्या दशकात नाझींमुळे जर्मनी सोडावी लागलेले ज्यू कला-इतिहासकार अर्न्स्ट कोन-वीनर यांच्या हाती आपल्या कमाटीबागेतल्या संग्रहालयाचा कारभार होता. बाबा लहानपणी तिथे देवमाशाचा सांगाडा बघायला गेलेच असतील.

आईची धास्ती मी समजू शकते, मीही आई आहे. पण ज्यू धर्म प्रचार करत फिरत नाही. परंपरा अशी की कोणी धर्मात घ्या म्हणत आला तर रब्बीने, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूने, आधी त्याला परत पाठवायचं, दोनदा-तीनदा. आणि विद्यापीठातला वर्ग म्हणजे देऊळ नव्हे. परीक्षेत विचारतील, हे कधी लिहिलं, कोणी, कोणासाठी. तू काय मानतेस हे कोणी विचारणार नाही. गंमत अशी की खुद्द ज्यूंनाच हा विषय विद्यापीठात शिरवायला फार झगडावं लागलं. बर्लिनमध्ये १८१९ साली काही तरुणांनी मंडळ काढलं, आपल्या इतिहासाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायला. त्यांतल्या लिओपोल्ड त्सुंत्स यांनी १८४८ साली सरकारकडे अध्यासन मागितलं, ते नाकारलं गेलं. हार्वर्डला ते झालं १९२५ साली. तुला आज संगणकावर एक चौकट टिचकी मारून जो विषय निवडता येतो, त्याची त्यांनी शंभर वर्षं वाट पाहिली.

मामाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. इस्रायल-पॅलेस्टाईनमध्ये माणसं मरताहेत, आणि तुझ्या आवारात त्यावरून मुलं एकमेकांशी बोलेनाशी झाली असतील. विषय तीन हजार वर्षांचा आहे, इस्रायल राष्ट्र १९४८चं. दोन्ही एक नाहीत, पण दुसऱ्याकडे पाठ करून पहिला शिकता येत नाही. म्हणून पॅलेस्टिनी लोकांच्या इतिहासाचाही एक पेपर घे, मायनरमध्ये धरत नसले तरी घे, आणि त्यांचीच माणसं त्यांच्याविषयी काय लिहितात ते वाच. कोणी येऊन 'तू कोणाच्या बाजूची' असं दरडावलं तर 'मी शिकते आहे' म्हणायला लाजू नकोस.

बडोद्यातच शिकणाऱ्या दोघा-तिघांनी मला हाच प्रश्न तोंडी विचारला होता, त्यांच्यासाठी एवढंच : नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीच्या १२० क्रेडिटपैकी २४ दुय्यम विषयाला आहेत. ज्यू अभ्यास असा वेगळा मिळाला नाही तरी इतिहास दुय्यम घ्या आणि प्रकल्प बेने इस्रायलांवर करा. अहमदाबादला खमासाजवळ १९३४ साली बांधलेलं मागेन अब्राहाम सिनेगॉग आहे, गाडीने दोन तासांवर. आधी विचारून जा, डोकं झाका, आणि शनिवारी फोटो काढायला म्हणून जाऊ नका.

प्रश्न : नमस्कार. माझा अहमदाबादचा एक ज्यू मित्र २०२४ साली म्हणाला, "आमचा मोठा उपास आणि तुमचा दसरा यंदा एकाच दिवशी." हा निव्वळ योगायोग का? शिवाय ज्यू, यहुदी, इस्रायली, बेने इस्रायल हे शब्द पेपरवाले कसेही वापरतात. नेमका फरक काय?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : काका, योगायोग थोडा आणि गणित जास्त. त्यांचे महिनेही आपल्यासारखे चंद्राचे, आणि ऋतू सरकू नयेत म्हणून त्यांच्याकडेही अधिक मास. एकोणीस वर्षांत सात. आपल्याकडेही साधारण तेवढेच येतात. फरक असा की आपला अधिक मास वेगवेगळ्या महिन्यांना लागतो, त्यांचा नेहमी अदार महिन्यालाच. त्यांचं नवं वर्ष तिशरी महिन्याच्या पहिल्या तिथीला आणि योम किप्पूर दहाव्या. २०२४ साली तिशरी आणि आपला आश्विन जुळले, म्हणून ३ ऑक्टोबरला घटस्थापना आणि त्यांचं नवं वर्ष, १२ ऑक्टोबरला दसरा आणि योम किप्पूर. त्याच वर्षी पुरीम २४ मार्चला आणि त्या रात्री आपली होळी पेटली, पेसाह आणि हनुमान जयंती २३ एप्रिलला. २०२३ साली मात्र आपल्याकडे अधिक श्रावण आला, दसरा २४ ऑक्टोबरला गेला, त्यांचा उपास २५ सप्टेंबरलाच होऊन गेला. तिथी तीच, दशमी; महिना एकाने पुढे-मागे. जुनी कालनिर्णयं जपून ठेवली असतील तर ताडून बघा. कोकणातल्या बेने इस्रायलांनी पुरीमला होळीचा सण म्हटलं ते बहुधा आकाशातला चंद्र बघूनच.

शब्दांचं थोडक्यात. यहुदी हा शब्द यहुदा या वंशाच्या आणि त्याच नावाच्या प्राचीन राज्याच्या नावावरून आला, ज्यू हे त्याचंच युरोपातून फिरून आलेलं रूप. इस्रायली म्हणजे इस्रायल देशाचा नागरिक. त्यांत सुमारे एक पंचमांश अरब आहेत, आणि तुमचा मित्र ज्यू असला तरी भारतीय आहे. बेने इस्रायल म्हणजे 'इस्रायलची लेकरं', नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली अशी ज्यांची परंपरा, ते आपले मराठी ज्यू. कोचीनचे वेगळे आणि बगदादहून आलेले ससून वगैरे आणखी वेगळे. महाराष्ट्राने २०१६ साली आणि गुजरातने २०१८ साली ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

प्रश्न : बाई, मी बँकेतून निवृत्त झालो आहे. जुन्या बाजारात चाळीस रुपयांना एक पुस्तक मिळालं. अर्धं जुन्या मराठीत, अर्धं अनोळखी लिपीत. कडा कुरतडलेल्या, बांधणी सुटलेली, काही पानांवर तपकिरी डाग. साल कुठे दिसत नाही. लॅमिनेट करून घेऊ का? डाग काढता येतील का?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : भाऊ, कृपा करून लॅमिनेट करू नका. चिकटपट्टीही लावू नका, उन्हातही घालू नका. मऊ ब्रशने धूळ झटका, धुतलेल्या मांजरपाटाच्या कापडात पोथी बांधतो तसं सैल बांधा, आत वेखंडाची पुरचुंडी ठेवा आणि आडवं ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, तो कागद चांगल्या कागदाला खातो.

साल सापडत नाही कारण तुम्ही समोरून बघताय. पुस्तक पालथं घाला आणि मागून उघडा, मुखपृष्ठ तिकडे असेल. आकडे नसतील तरी साल असू शकतं, कारण हिब्रूत अक्षरांनाच किंमत असते. ताव म्हणजे ४००, रेश २००, लामेद ३०, दालेद ४. ही चार अक्षरं ओळीने दिसली तर बेरीज ६३४. हजारचा आकडा लिहीत नाहीत. त्यात १२४० मिळवायचे, शकात ७८ मिळवतो तसे. झाले १८७४. अक्षरं ओळखू आली नाहीत तर त्या पानाचा उजेडात, सरळ वरून फोटो काढून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मी लावून देईन. पुढेमागे वरची विद्यार्थिनीही लावून देईल, आणि तिला तो पहिला धडा होईल. अहमदाबादच्या सिनेगॉगातही एकदा दाखवा. पुस्तक वाचनातून गेलेलं असलं तर त्यांच्याकडे ते दफन करायची रीत आहे, तेव्हा त्यांचं मत घेतल्याशिवाय काही करू नका.

डाग तसेच राहू द्या. पेसाहच्या जेवणाला खजूर उकळून, गाळून शिरा करतात आणि पुस्तक ताटाशेजारीच उघडं असतं. आणि सगळ्यात आधी एक बघा. बेने इस्रायलांच्या घरात अशा पुस्तकाच्या कोऱ्या पानावर मालकाचं नाव, कधी मुलांचे जन्म टिपलेले असतात. तसं काही असेल, आडनाव अलिबागकडच्या गावाचं असेल आणि प्रतापनगरचा उल्लेख असेल, तर पत्राची वाट बघू नका. मासिकात माझा फोन नंबर विचारा आणि त्याच दिवशी कळवा.